चार लाखांचे घर, चाळीस हजारांचा वरखर्च : जर्मनीतील एका खरेदीचे प्रकरण

२०२३ च्या जुलै महिन्यात श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगन जिल्ह्यात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने तीन खोल्यांची एक जुनी सदनिका पसंत केली. किंमत ४,००,००० युरो ठरली. बँकेने ३,२०,००० युरोंचे कर्ज देऊ केले. उरलेले ८०,००० युरो त्यांनी काही वर्षांच्या नोकरीतून साठवले होते आणि त्याखेरीज ‘नोटरी आणि कागदपत्रे’ या सदराखाली १२,००० युरो वेगळे काढून ठेवले होते. प्रत्यक्षात घराच्या किमतीवरचा खर्च ३९,९९१ युरो झाला, म्हणजे किमतीच्या दहा टक्क्यांच्या अगदी जवळ. जवळजवळ २८,००० युरोंची ही तूट खरेदीखतावर सही होण्याच्या आधी लक्षात आली म्हणून व्यवहार निभावला. सहीनंतर लक्षात आली असती, तर त्यांना माघारही घेता आली नसती.

कागद वाचून देण्यासाठी आणि हिशेब ताडून पाहण्यासाठी त्यांनी मला बोलावले होते. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. दर आणि शुल्के त्या वर्षी लागू असलेली आहेत.

तूट कशी पडली, याचे मूळ एका फोनवरच्या संभाषणात आहे. पतीचे वडील कोल्हापूरला असतात आणि त्यांनी आयुष्यात दोनदा घर घेतले आहे. मुलाने सदनिकेची बातमी सांगताच त्यांनी विचारले, “मुद्रांक किती लागतो रे तिकडे? आणि इसार किती दिलास?” मुलाने उत्तर दिले, “बाबा, इथे मुद्रांक नसतो, इसारही नसतो. सगळे नोटरी बघतो.” या उत्तरातले प्रत्येक वाक्य शब्दशः खरे होते. जर्मनीत मुद्रांक कागद नाही, इसार पावती नाही, साठेखत नाही आणि व्यवहाराच्या केंद्रस्थानी नोटरीच असतो. तरीही वडिलांचा प्रश्न बरोबर होता आणि मुलाचे उत्तर चुकले होते, कारण मुद्रांक नसला तरी त्याच्या जागी बसणारा कर आहे, आणि तो घराच्या जाहिरातीत दिसत नाही.

नोटरी नावाचा दुसराच माणूस

आपल्याकडे नोटरी म्हटले की न्यायालयाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसलेले वकील डोळ्यांसमोर येतात. भारतातील नोटरी १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला असतो. तो प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारतो, सही कोणाची आहे ते साक्षांकित करतो, आणि काम काही मिनिटांत, काही शे रुपयांत संपते. घराच्या व्यवहारात आपल्याकडे खरे महत्त्व दुय्यम निबंधकाला असते. जर्मन ‘नोटार’ हा या दोहोंपेक्षा वेगळा अधिकारी आहे. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ३११ब प्रमाणे स्थावराच्या खरेदीचा करार नोटारने स्वतः लेखबद्ध केलेला असावा लागतो. दोघांनी घरी बसून कितीही पक्का कागद केला तरी तो करार म्हणून उभा राहत नाही. नोटार मसुदा तयार करतो, तो दोन्ही पक्षांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतो, त्याचा अर्थ समजावतो, सह्या घेतो, आणि त्यानंतर ‘ग्रुंडबुख’ म्हणजे जमीन-नोंदवहीत मालकी बदलेपर्यंतची सारी पत्रापत्री करतो. तो विक्रेत्याचा नसतो, ग्राहकाचाही नसतो. किंमत वाजवी आहे का, छत गळते का, इमारतीच्या सभेत मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला आहे का, हे तपासणे त्याचे काम नाही, आणि करविषयक सल्लाही तो देत नाही.

शब्द एकच असल्यामुळे दांपत्याने दोन उलट चुका केल्या. आधी वाटले की नोटरीचा खर्च किरकोळ असणार. मग एका परिचिताने ‘नोटरी दोन टक्के घेतो’ असे सांगितल्यावर भीती वाटली आणि त्यांनी ४ लाखांचे दोन टक्के, म्हणजे ८,००० युरो, त्यासाठी राखून ठेवले. वर ४,००० दुभाषा आणि सामान हलवण्यासाठी. सगळी काळजी नोटरीवर एकवटल्यामुळे बाकीच्या दोन मोठ्या रकमा नजरेआड राहिल्या.

पतीने आणखी एक गोष्ट केली, जी आपल्याकडचा कोणीही शहाणा माणूस करील. त्याने तीन नोटारांना पत्र लिहून दर विचारले. तिन्हीकडून सारखेच उत्तर आले, आणि त्याला वाटले की यांनी संगनमत केले आहे. तसे काही नव्हते. नोटारचे शुल्क केंद्रीय कायद्याने ठरते. १ ऑगस्ट २०१३ पासून लागू असलेल्या न्यायालय व नोटार खर्च कायद्यात मालमत्तेच्या मूल्यानुसार कोष्टक दिलेले आहे, आणि त्याहून कमी किंवा जास्त घेण्याचा करार करण्यास कलम १२५ ने मनाई केली आहे. मला ही व्यवस्था मनापासून पटते. जो माणूस दोन्ही पक्षांना सारखाच बांधील असायला हवा, त्याच्याशी एका पक्षाने घासाघीस करावी, ही कल्पनाच त्या पदाला धक्का देणारी आहे.

बिलाची फोड

कोष्टकानुसार ४,००,००० युरो मूल्याला एकपट शुल्क ७८५ युरो होते. खरेदीचा करार लेखबद्ध करण्यासाठी दुप्पट, म्हणजे १,५७० युरो. कराराच्या अंमलबजावणीसाठी लागणारी संमतिपत्रे मिळवण्याचे अर्धे शुल्क, ३९२.५० युरो. पैसे कधी द्यायचे, मालकी कधी बदलायची यावर लक्ष ठेवण्याचे आणखी अर्धे, पुन्हा ३९२.५० युरो. ही बेरीज २,३५५ युरो झाली. त्यात नकला, टपाल आणि नोंदवहीचे उतारे मिळून ९५ युरो, आणि या सगळ्यावर १९ टक्के मूल्यवर्धित कर. एकूण २,९१५.५० युरो.

दोन अर्ध्या शुल्कांपैकी पहिल्यावर पतीने शंका काढली आणि ती रास्त होती. नोटारला फक्त नगरपालिकेचे अग्रक्रय-हक्क (मालमत्ता आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क) सोडल्याचे पत्र मागवायचे असेल, तर त्या कामाला ५० युरोंची मर्यादा असते. इथे मात्र विक्रेत्याच्या बँकेकडून जुना बोजा उतरवण्याचे कागद आणि इमारतीच्या व्यवस्थापकाची संमती मिळवायची होती. त्यामुळे पूर्ण अर्धे शुल्क बरोबर ठरले. असे प्रश्न विचारता येतात, कारण कायद्याने बिलावर मूल्य आणि प्रत्येक शुल्काचा कोष्टकातला क्रमांक लिहिणे बंधनकारक केले आहे. बिल चुकीचे वाटले तर जिल्हा न्यायालयाकडे तपासणीसाठी अर्ज करता येतो. मात्र बिल नुसते बाजूला ठेवून देता येत नाही : नोटार स्वतःच्या बिलावर वसुलीचा हुकूम स्वतःच काढू शकतो. शिवाय खर्च ग्राहकाने द्यायचा असे करारात लिहिले असले, तरी कायद्यापुढे दोन्ही पक्ष या शुल्काला जबाबदार राहतात, म्हणून ग्राहक थकला तर विक्रेत्याकडे मागणी जाते.

कर्जाचा भाग वेगळा. बँकेला सदनिकेवर ‘ग्रुंडशुल्ड’ हवा असतो. सातबारावर सोसायटीचा बोजा चढवतात, त्याची आठवण ठेवली तर ही कल्पना लगेच समजते, फरक एवढाच की ग्रुंडशुल्ड कर्ज फिटले म्हणून आपोआप नाहीसा होत नाही, तो वेगळा उतरवावा लागतो. ३,२०,००० युरोंना एकपट शुल्क ६३५ युरो. किरकोळ खर्च ३५ युरो आणि कर धरून नोटारचे हे दुसरे बिल ७९७.३० युरो झाले.

नोंदवहीचे शुल्क नोटारचे नसते, ते न्यायालयाच्या तिजोरीत जाते आणि त्यावर मूल्यवर्धित कर लागत नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये पूर्वी गावोगाव असलेली नोंदवही कार्यालये आता तेरा न्यायालयांत एकत्र आणली आहेत, त्यांत ब्योब्लिंगन हे एक. ग्राहकाचा हक्क राखून ठेवणाऱ्या पूर्वनोंदीचे ३९२.५० युरो, मालकी बदलण्याचे ७८५, बोजा चढवण्याचे ६३५, आणि मालकी बदलल्यावर ती पूर्वनोंद खोडण्याचे २५ युरो. एकूण १,८३७.५० युरो.

भाषेचा खर्च

पतीचे जर्मन कामापुरते पक्के आहे, पत्नीचे तेवढे नाही. कराराचे वाचन सुरू होण्याआधी नोटार प्रत्येकाला भाषा समजते का ते पाहतो, आणि समजत नसेल तर त्या व्यक्तीसाठी तोंडी भाषांतर झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘समजते हो, चला पुढे’ असे म्हणून वेळ मारून नेण्याचा मोह इथे होतो. पत्नीने तो केला नाही, याचे मला फार बरे वाटले; सदनिकेत अर्धा हिस्सा तिचा होता आणि ३,२०,००० युरोंच्या कर्जाला ती स्वतः जबाबदार होणार होती.

मराठी दुभाषा शोधायचा की इंग्रजीवर भागवायचे, हा प्रश्न होता. कायद्याला मातृभाषा लागत नाही, त्या व्यक्तीला नीट समजेल अशी भाषा लागते. या नोटारला इंग्रजी चांगले येत होते, म्हणून त्याने स्वतः इंग्रजीत समजावले. त्यासाठी करार लेखबद्ध करण्याच्या शुल्कावर ३० टक्के जादा लागतात. १,५७० युरोंचे ३० टक्के ४७१ युरो, करासह ५६०.४९ युरो. बाहेरचा दुभाषा आणला असता तर त्याचे तासांचे पैसे वेगळे द्यावे लागले असते. बोजाच्या कागदासाठी हाच खर्च पुन्हा होऊ नये म्हणून पत्नीने खरेदीच्या करारातच पतीला त्यापुरता मुखत्यार नेमले. करार वाचताना ते कलम तिला इंग्रजीत समजावले गेले होते, आणि बँकेने ही मुखत्यारी मान्य केली.

वाचनाला पावणेदोन तास लागले. त्यात एक अनपेक्षित प्रश्न आला : तुमचा विवाह कोणत्या देशाच्या कायद्याखाली, आणि पती-पत्नीची मालमत्ता त्या कायद्याने सामाईक की स्वतंत्र? विवाह २०१६ साली कोल्हापूरला झालेला आणि दोघे भारतीय नागरिक. युरोपीय संघाचा याविषयीचा नवा नियम २९ जानेवारी २०१९ पासूनच्या विवाहांना लागतो, त्यामुळे इथे जुन्या नियमाने दोघांच्या सामाईक नागरिकत्वाचा, म्हणजे भारतीय कायदा आला, आणि त्यात मालमत्ता स्वतंत्र असते. म्हणून नोंदवहीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा आकड्यानिशी लिहिला गेला. लग्नाचा दाखला भाषांतरासह जवळ ठेवलेला असल्यामुळे ही गोष्ट तिथल्या तिथे मिटली.

ज्याचे नाव मुद्रांक नाही

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. महाराष्ट्रात खरेदीखत करताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आधी भरावी लागते. नोंदणी फी एक टक्का असली तरी ती ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. जर्मनीत मुद्रांकाच्या जागी ‘ग्रुंडएरवेर्बस्टॉयर’, म्हणजे जमीन संपादन कर आहे. तो सहीच्या दिवशी द्यायचा नसतो. नोटार कराराची प्रत वित्त कार्यालयाला पाठवतो, काही आठवड्यांनी तिथून आकारणीचे पत्र येते, आणि मग भरण्यासाठी एक महिना मिळतो. कर भरल्यावर वित्त कार्यालय ‘हरकत नाही’ असा दाखला देते, आणि तो दाखला पोहोचल्याखेरीज नोंदवहीत मालकी बदलत नाही. कागद मागून येतो म्हणून खर्च नाही, असा समज होणे किती सोपे आहे, हे यावरून कळेल.

दर राज्यागणिक बदलतो. पूर्वी देशभर ३.५ टक्के होता. २००६ च्या घटनादुरुस्तीने राज्यांना स्वतःचा दर ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि बव्हेरिया वगळता सर्वांनी तो वाढवला. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नोव्हेंबर २०११ पासून ५ टक्के आहे, हेसन आणि बर्लिनमध्ये ६, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात ६.५. उल्म हे शहर डॅन्यूबच्या एका तीरावर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे आणि पुलापलीकडचे नॉय-उल्म बव्हेरियात. हीच सदनिका, याच किमतीची, त्या पुलाच्या पलीकडे असती तर कर ५,८८० युरोंनी कमी लागला असता. या प्रकरणात नोटारची सगळी बिले मिळूनही ४,२७३ युरोंच झाली. ज्या रकमेविषयी घरात महिनाभर चर्चा झाली, तिच्याहून मोठी रक्कम नदी ओलांडल्याने बदलते.

या करात ग्राहकाच्या हातात फारच थोडे असते, पण जे असते ते सहीच्या आधीच असते. सदनिकेत बसवलेले स्वयंपाकघर, त्यातली उपकरणे आणि एक मोठे कपाट विक्रेता ठेवून जाणार होता. या जंगम वस्तूंची वाजवी किंमत ८,००० युरो असे करारात वेगळे लिहिले गेले, आणि कर ३,९२,००० युरोंवर बसला : १९,६०० युरो. चारशे युरो वाचले. हा आकडा फुगवून पंधरा-वीस हजार करण्याचा सल्लाही कोणी दिला होता. तो त्यांनी मानला नाही, आणि ते योग्यच झाले. वित्त कार्यालय वस्तूंची वये आणि बिले मागू शकते, खोटी किंमत लिहिणे हा गुन्हा आहे, आणि बँक स्वयंपाकघराला तारण मानत नाही, त्यामुळे तो आकडा वाढला की तिच्या लेखी घराची किंमत घटते.

दुसरा सल्ला २०१७ मध्ये घर घेतलेल्या एका परिचिताचा होता. इमारतीच्या दुरुस्ती निधीतला विक्रेत्याचा हिस्सा किमतीतून वजा करून कर कमी करता येतो, असे त्याने सांगितले. त्याच्या वेळी अनेक जण तसे करीत. पण संघीय वित्त न्यायालयाने १६ सप्टेंबर २०२० च्या निर्णयात हा निधी इमारतीच्या मालकसंघाचा असतो, विक्रेत्याचा नसतो, म्हणून तो वजा होणार नाही असे ठरवले. परदेशातल्या आपल्या लोकांत अनुभवाची देवाणघेवाण उदारपणे होते आणि तिचा मोठा आधार वाटतो, पण करांच्या बाबतीत सल्ल्याबरोबर वर्षही विचारून घ्यावे लागते.

मध्यस्थाचे चौदा हजार

तिसरी रक्कम माकलरची, म्हणजे मालमत्तेच्या मध्यस्थाची. तिथे गोंधळ भाड्याच्या घरामुळे झाला. १ जून २०१५ पासून भाड्याच्या घरात ज्याने मध्यस्थ नेमला त्यानेच त्याची दलाली द्यायची असा कायदा आहे, आणि दांपत्याने स्वतः राहते घर त्या नियमाने दलाली न देता मिळवले होते. खरेदीतही तसेच असेल असे त्यांनी धरले. खरेदीचा नियम वेगळा आहे. २३ डिसेंबर २०२० पासून सदनिका किंवा एका कुटुंबाचे घर घेणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या बाबतीत, मध्यस्थ दोन्ही बाजूंसाठी काम करीत असेल तर त्याने दोघांकडून समान दलाली घ्यावी लागते. इथे प्रत्येकी ३.५७ टक्के, करासह. ४,००,००० वर १४,२८० युरो.

या सगळ्या खर्चात कायद्याने न ठरलेली ही एकच रक्कम होती, म्हणून इथे घासाघीस करून पाहिली. मध्यस्थाने नकार दिला आणि त्याचे कारणही प्रामाणिकपणे सांगितले : एका पक्षाला सूट दिली की तीच सूट दुसऱ्या पक्षाला आपोआप लागू होते, म्हणजे ग्राहकाला हजार युरो सोडायचे तर त्याचे दोन हजार जातात. बोलणी करायचीच होती तर ती घर दाखवण्याच्या आधी, दलालीचा लेखी करार होण्यापूर्वी करायला हवी होती. एक गोष्ट मात्र टळली. सदनिका राखून ठेवण्यासाठी त्याने छापील अर्जावर २,००० युरो मागितले होते. संघीय सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, अशा छापील अटीतली राखीव रक्कम अवैध ठरवली होती. हे नम्रपणे लक्षात आणून दिल्यावर त्याने अर्ज मागे घेतला.

पंधरा दिवस

मसुदा १६ ऑगस्टला आला. बँकेचा व्याजदर २५ तारखेपर्यंतच राखलेला होता, म्हणून पतीला २२ लाच सही हवी होती. नोटारने नकार दिला. व्यावसायिकाशी व्यवहार करणाऱ्या सामान्य ग्राहकाला मसुदा सहीच्या दोन आठवडे आधी मिळाला पाहिजे असे कायदा सांगतो; इथे विक्रेती एक कंपनी होती, म्हणून नियम पूर्ण लागू होता. पती चिडला. बँकेने विनंतीवरून दर पुढे राखला, आणि सही ६ सप्टेंबरला ठरली.

त्या मोकळ्या दिवसांत आम्ही मसुदा ओळीने वाचला. अकराव्या पानावर ‘खर्च आणि कर’ या मथळ्याखाली तीन ओळी होत्या : या लेखाचा, त्याच्या अंमलबजावणीचा आणि नोंदवहीचा खर्च तसेच जमीन संपादन कर ग्राहकाने सोसावा, दलालीबाबत वेगळा करार पाहावा. पत्नीने त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “हा कर आपल्या बारा हजारांत आहे का?” नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा पूर्ण हिशेब मांडला. कर १९,६००, दलाली १४,२८०, नोटारची बिले ४,२७३.२९, नोंदवही १,८३७.५०. कर आणि दलाली मिळून पंच्याऐंशी टक्के, आणि नोटार, ज्याच्यासाठी आठ हजार राखले होते, त्याला त्याच्या जेमतेम निम्मे.

तोच हिशेब बँकेसमोर ठेवला तेव्हा कळले की वरखर्चासाठी वाढीव कर्ज मिळू शकते, पण मग संपूर्ण ३,४८,००० वर व्याजदर चढतो. बँकेची भूमिका समजण्यासारखी आहे. घर परत विकावे लागले तर कर, दलाली आणि शुल्क यांतला एक युरोही किमतीत परत येत नाही. त्या पैशाला तारण असे नसतेच. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या बाबतीत हा खर्च प्राप्तिकरातूनही वजा होत नाही. भाड्याने देण्यासाठी घेतले असते, तर तो घसाऱ्याच्या रूपाने थोडा थोडा वसूल झाला असता.

कोल्हापूरहून पैसे

तूट वडिलांनी आणि आईने भरून काढली. वडिलांच्या मुदत ठेवी होत्या, आई निवृत्त शिक्षिका असल्यामुळे तिची स्वतःची बचत होती. २८,००० युरो म्हणजे त्या वेळी साधारण २५ लाख रुपये. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नव्हती. अडचण तारखेची होती. त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत, सात लाखांवरच्या रकमेवर बँक ५ टक्के कर उगमस्थानी गोळा करीत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून तोच दर २० टक्के होणार होता. एकट्या वडिलांनी ऑक्टोबरमध्ये सगळी रक्कम पाठवली असती तर ३ लाख ६० हजार रुपये अडकून पडले असते. आई-वडिलांनी आपापल्या खात्यातून साडेबारा-साडेबारा लाख सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवले. प्रत्येकी साडेपाच लाखांवर ५ टक्के, म्हणजे २७,५०० रुपये गोळा झाले. हा कर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर ती रक्कम हाताशी नसते.

जर्मनीच्या बाजूलाही एक काळजी घ्यावी लागली. पैसे दांपत्याच्या संयुक्त खात्यावर पाठवायचे ठरत होते. ते मुलाच्या एकट्याच्या खात्यावर वळवले. जर्मनीत देणगी कर आहे. आई किंवा वडिलांकडून मुलाला दहा वर्षांत प्रत्येकी ४ लाख युरोंपर्यंत सूट असते, पण सुनेला सासू-सासऱ्यांकडून प्रत्येकी २०,००० युरोंचीच. या रकमेत फरक पडला नसता, तरी पुढे आणखी मदत आली तर हिशेब स्वच्छ राहावा म्हणून हे केले. देणगी मिळाल्याचे साधे पत्र तीन महिन्यांच्या आत वित्त कार्यालयाला द्यावे लागते, कर शून्य असला तरी. तेही दिले.

सही ते ताबा

सहीच्या दिवशी कोणी कोणाला एक युरोही दिला नाही, आणि हे ऐकून वडिलांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. दलालीचे बिल तिसऱ्या दिवशी आले. नोटारची बिले महिनाअखेरीस, कराचे पत्र ऑक्टोबरच्या मध्यावर. घराची किंमत मात्र नोटारचे लेखी पत्र येईपर्यंत द्यायची नसते. पूर्वनोंद झाली आहे, व्यवस्थापकाची संमती आली आहे आणि विक्रेत्याच्या बँकेने बोजा उतरवण्याचे कागद नोटारकडे दिले आहेत, एवढ्या तीन गोष्टी जमल्यावरच ते पत्र निघते. ते १० नोव्हेंबरला आले. रक्कम बँकेतूनच द्यावी लागते; एप्रिल २०२३ पासून घराची किंमत रोखीने, सोन्याने किंवा आभासी चलनाने देण्यास बंदी आहे, आणि पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा नोटारला दाखवावा लागतो. किंमत पोचल्यावर किल्ल्या मिळाल्या.

मालकी नोंदवहीत जानेवारी २०२४ मध्ये चढली. न्यायालयाकडून साध्या कागदावर दोन पानांचे पत्र आले, मालक म्हणून दोघांची नावे आणि पुढे निम्मा-निम्मा हिस्सा. वडिलांनी व्हिडिओ कॉलवर ते पत्र पाहून विचारले, “इंडेक्स टू कुठे आहे? शिक्क्याचे खरेदीखत?” मुलाने त्यांना सांगितले की नोंदवही हाच पुरावा आहे, आणि नोटारकडे मूळ लेख जपून ठेवलेला असतो. त्यांनी ते पत्र छापून घेऊन आपल्या घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावले. त्याच फाइलमध्ये पुढच्या उन्हाळ्यात दोन विवरणपत्रांच्या पावत्या गेल्या : वडिलांचे २७,५०० रुपये त्यांच्या करात वळते झाले, आणि आईचे तेवढेच, करपात्र उत्पन्न नसल्यामुळे, तिच्या खात्यावर परत आले.